तुम्ही विचारलंत म्हणून: मग आजीचा पुतळा कधी?

आठ मार्च जवळ आला की फॅमिली ग्रुपवर एकदा, शाळेच्या ग्रुपवर एकदा, आणि मागे तर मराठी मंडळाच्या गणपतीत प्लेट हातात असतानाच एका काकांनी विचारलं, की तुझी आजी दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, कोळसा खाणीत होती ना, तू इंग्लंडात शेफील्डला राहतेस, तिथे अशा बायकांचा पुतळा आहे, मग चंद्रपुरात तसा व्हावा म्हणून तू काही करत का नाहीस?

चूक माझीच आहे. जून 2016 मध्ये इथे बार्कर्स पूलला सिटी हॉलसमोर 'विमेन ऑफ स्टील' उभा राहिला तेव्हा मीच फोटो टाकून भलंमोठं लिहिलं होतं, शेवटी 'आपल्या आज्यांना कधी?' वगैरे. लाइक भरपूर आले. पुढे मी काहीही केलं नाही. आणि खरं सांगायचं तर ते वाक्य आज मी लिहिणार नाही.

इथल्या चौघींचं काय, त्यांना नक्की माहीत होतं काय मागायचं ते. कॅथलीन रॉबर्ट्स, किट सॉलिट, रूबी गॅस्कॉइन, डोरोथी स्लिंग्जबी. युद्धात पोलाद कारखान्यांत राबल्या, पुरुष परत आले तशा घरी पाठवल्या गेल्या, आणि 2009 मध्ये, ऐंशी ओलांडलेल्या वयात, आमची आठवण ठेवा म्हणून मागे लागल्या. गावाने पैसे जमवले, मार्टिन जेनिंग्जने ब्राँझच्या दोन बायका घडवल्या, कामाच्या कपड्यातल्या, हातात हात अडकवून ऐटीत चाललेल्या. मला तो पुतळा आवडतो. त्याबद्दल तक्रार नाही.

पण माझी आजी ऐटीत चालत खाणीत गेली नव्हती हो. 1937 पासून आपल्याकडे बायकांना खाणीत जमिनीखाली उतरवायला बंदी होती. 1943 ला कोळसा कमी पडायला लागला, मजूर जास्त पैशाच्या लष्करी कामांवर निघून गेले, तेव्हा सरकारने ती बंदी उठवली, तीही आधी आमच्या मध्य प्रांत-वऱ्हाडात. अखिल भारतीय महिला परिषदेने विरोध केला, बाहेरच्या देशांतूनही ओरड झाली. 1946 ला बंदी परत आली. आजी त्या मधल्या फटीत सापडली. आजोबा कोळसा फोडायचे, ती टोपलीने वाहायची. म्हणजे पुतळा नेमका कशाचा करायचा? तिच्या हिमतीचा, की बंदी उठवावी लागली त्या गरजेचा?

आता ती गोष्ट, जी त्या पोस्टमध्ये मी लिहिली नव्हती.

नववीत 'माझी आजी' असा निबंध होता. मी लिहिलं की आजीने जन्मभर शेतात कष्ट केले, पहाटे उठून भाकरी बांधायची, वगैरे. आमची शेती नव्हतीच. पण वर्गातल्या अर्ध्या मुली ऑफिसरांच्या, आणि आजी खाणीतली मजूर म्हटलं की बाकावर जागा बदलली जाते हे मला तोवर कळलं होतं. वर तिच्या हातावरच्या गोंदणाचं वर्णन. उजव्या मनगटाच्या वर तिच्या हिरव्या ठिपक्यांच्या शेजारी एक निळसर, तिरका, बोटाच्या पेराएवढा डाग होता. मी त्याला वेल म्हटलं होतं. सरांना निबंध आवडला, वर्गात वाचून दाखवला, दहापैकी नऊ. बाबांनी कौतुकाने घरी परत वाचायला लावला, आजी तिथेच लसूण सोलत बसलेली. बाबा दुसऱ्या वाक्यालाच गप्प झाले, मी वाचत राहिले, थांबायचं कसं ते कळेना. आजीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चांगलं लिवलं पोरीनं. वावरात कमीत कमी उजेड तरी राहते." आणि लसूण सोलायला लागली.

तो डाग गोंदण नव्हता. जखम भरताना आत कोळशाची भुकटी राहिली की कातडी अशी निळी होते. हे मला तिने सांगितलं नाही, बाबांनी सांगितलं, ती गेल्यावर.

तेव्हा कृपा करून मला 'अभिमान वाटत असेल ना' असं विचारू नका. वाटतो. पण आधी लाज वाटली होती, आणि तो अभिमान मला परदेशात दुसऱ्यांचा पुतळा बघून सुचला, हेही खरंच.

पोस्टमध्ये 'यांची कुणी दखल घेतली नाही' असंही ठोकून दिलं होतं. ते धड खरं नाही. बंदी उठली तेव्हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खातं डॉ. आंबेडकरांकडे होतं, आणि फेब्रुवारी 1944 मध्ये असेंब्लीत त्यांनाच उत्तर द्यावं लागलं. ही आणीबाणी आहे म्हणाले, आणि पुरुषाइतकंच काम तर बाईला पुरुषाइतकीच मजुरी, हे तत्त्व यात आणलंय असंही सांगितलं. एका चुलतभावाने ते भाषण पाठवलं तेव्हा मी रात्री दोनदा वाचलं. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, मी काही त्यांच्यावर बोट ठेवत नाहीये, त्या काळात समान मजुरीचं नाव तरी कोण काढत होतं. पण आजी म्हणायची, मुकादम दोघांचे पैसे आजोबांच्या हातात द्यायचा. तिची मजुरी किती होती हे तिला कधी कळलंच नाही. मग मी कुठल्या बाजूने भांडू?

काका म्हणाले, एवढा विचार केला तर कुठलाच पुतळा उभा राहणार नाही. बरोबर असेल. चंद्रपुरातल्या कुणी काढला विषय तर मी वर्गणी देईन, पहिली देईन. पण खाली काय लिहायचं हे मला विचारू नका, आणि हातात टोपली द्यायची तर डोक्याला दिवा लावू नका, तिच्याकडे नव्हता.

पुढच्या महिन्यात मामा येतोय. त्यालाही बार्कर्स पूललाच नेणार आहे, आपलं बसला सोपं पडतं म्हणून.