तुम्ही विचारलंत म्हणून: सील या समुद्री प्राण्याच्या आतड्यात राहणाऱ्या पट्टकृमींची (टेपवर्मची) नावं सारखी का बदलतात?

प्राणिशास्त्र शिकवते, म्हणून हा प्रश्न मला विद्यार्थी विचारतात आणि घरचेही विचारतात. एकदा ठेवलेलं नाव पुरत नाही का?

पट्टकृमीला तोंड नसतं, आतडं नसतं. ओळख पटवायची ती डोक्यावरच्या दोन खाचा, मानेची लांबी, शरीराच्या खंडांची रुंदी आणि जननेंद्रियांची मांडणी यांवरून. त्यात मेलेल्या सीलमधून उशिरा काढलेला कृमी सैल पडलेला असतो, तर जिवंतपणी थंड फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे नमुने टिकवायच्या द्रावात, टाकलेला आक्रसून जातो. एकाच जातीचे असे दोन नमुने समोर आले, तर जाणकारालाही त्या दोन वेगळ्या जाती वाटू शकतात. त्यामुळे नावं वाढत गेली.

याचं माझं आवडतं उदाहरण चिलीच्या हुआन फर्नांडिस बेटांवरचं आहे. तिथल्या फर सीलमधल्या कृमीला नायबेलिन या संशोधकांनी १९३१ साली अडेनोसेफॅलस पॅसिफिकस असं नाव दिलं. १९५६ मध्ये मार्गोलिस या दुसऱ्या संशोधकांनी त्याला डायफायलोबोथ्रियम या मोठ्या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, घातलं. हाताशी फक्त सूक्ष्मदर्शक असताना हा निर्णय रास्तच होता, असं मला वाटतं. पुढे डीएनए तपासता आला, खंडांच्या पृष्ठभागावरचे बारीक उंचवटे आणि त्यांच्यामधले खळगे नीट दिसले, आणि गेल्या दशकात नायबेलिन यांचंच नाव परत आलं. २०१७ मध्ये तर माणसाच्या आतड्यात वाढणारा, पुस्तकांतून पाठ केलेला डायफायलोबोथ्रियम लॅटससुद्धा डायबोथ्रिओसेफॅलस लॅटस झाला. कारण डायफायलोबोथ्रियमची आदर्श जाती, म्हणजे प्रजातीचं नाव जिच्याशी कायम बांधलेलं असतं ती जाती, १८५८ साली पॉरपॉइज या डॉल्फिनसारख्या समुद्री प्राण्यामधून वर्णिलेली आहे, आणि आनुवंशिक नात्याने लॅटस तिच्या प्रजातीतला नाही.

'नावात काय आहे' असं कुणी म्हटलं की मी दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाकडे बोट दाखवते. तिथे कच्चे समुद्री मासे लिंबाच्या रसात मुरवून सेविचे करतात. लिंबाच्या आंबटपणाने मासा पांढरा पडतो, पण त्यातल्या अळ्या मरत नाहीत. त्या माणसाच्या पोटात वाढून जो कृमी होतो तो समुद्रसिंहांमध्ये राहणारा अडेनोसेफॅलसच. लॅटसच्या अळ्या गोड्या पाण्यातल्या माशांत असतात, अडेनोसेफॅलसच्या समुद्री माशांत. डॉक्टरने दोघांना एकच समजलं, तर कुठला मासा टाळायचा हा सल्लाच चुकेल. आणि हे दुखणं काही नवं नाही. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावर हजारो वर्षं जुन्या मानवी विष्ठेत अशाच कृमींची अंडी मिळाली आहेत.

सीलमधल्या काही जाती अजूनही डायफायलोबोथ्रियम या जुन्या प्रजातीत तात्पुरत्या ठेवलेल्या आहेत. त्यांचे ताजे, न आक्रसलेले नमुने मिळून डीएनए वाचला गेला की त्यांचीही नावं बदलतील. बदलायलाच हवीत.