घड्याळांखाली भेटू: मेलबर्नमधले पाच रिकामे दिवस

फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनसमोर मुंबईच्या माणसाला उभं केलं, तर तो एकदा तरी व्हीटीचं नाव काढतोच. पिवळ्या भिंती, डोक्यावर हिरवट घुमट, आत शिरणारा लोंढा. त्यातून तिथे एक आख्यायिकाही आहे. म्हणे लंडनहून दोन स्टेशनांचे नकाशे निघाले, वाटेत अदलाबदल झाली आणि मुंबईचं स्टेशन चुकून इथे बांधलं गेलं. ट्रॅममध्ये शेजारी बसलेल्या एका आजोबांनी ही गोष्ट मला अगदी रंगवून सांगितली. मी तारखांवर आले. आपलं व्हीटी १८८८ मध्ये बांधून झालं होतं. इथल्या स्टेशनच्या आराखड्याची स्पर्धा १८९९ ची, ती जिंकली रेल्वेतल्याच दोघांनी आणि इमारत पुरी झाली १९१० मध्ये. आजोबा शांतपणे म्हणाले, "असेल, पण गोष्ट छान आहे ना?"

सिडनीतलं काम आटोपल्यावर परतीच्या विमानाला सहा दिवस उरले होते. पाठीवर एक सॅक, वय सेहेचाळीस, बुकिंग हॉस्टेलच्या सहा जणींच्या खोलीत. मार्च संपत आला होता. सिडनीहून रेल्वेने आले. सुमारे अकरा तास लागतात, पण गाडी थेट शहरात, सदर्न क्रॉसला सोडते. विमानाने येणाऱ्यांना विमानतळावरून थेट खासगी बस मिळते, तिला वीस-पंचवीस डॉलर पडतात. घाई नसेल तर ९०१ नंबरची साधी बस घ्या. ती ब्रॉडमेडोज स्टेशनला सोडते आणि तिथून शहराची लोकल मिळते. वेळ जास्त जातो, पण सगळं मायकी या इथल्या बस-लोकल-ट्रॅमच्या कार्डावर होतं.

मायकीचं इथे जरा लांबण लावते, कारण नवा माणूस इथेच फसतो. कार्ड सेव्हन-इलेव्हन दुकानात मिळतं. कार्डाचे सहा डॉलर परत मिळत नाहीत, आत भरलेले पैसे मात्र पुढे वापरता येतात. दिवसभर कितीही फिरलात तरी ठरावीक रकमेपेक्षा जास्त कापत नाही, म्हणून लांबचे प्रवास एका दिवसात उरकावेत. शहराच्या मधल्या भागात ट्रॅम फुकट आहे. तिथल्या तिथे फिरताना कार्ड मशीनला लावायचंच नाही, लावलंत तर पैसे जातात. उलट ही हद्द ओलांडली आणि कार्ड लावलं नसेल तर दंड. हद्द संपताना ट्रॅममध्ये सांगतात, पण मी खिडकीबाहेर बघत एक स्टॉप पुढे गेले. तपासनीस चढताना दिसला तेव्हा जो घाम फुटला, तो थेट कर्जत लोकलमधला! खाली उतरले, चालत मागे आले.

हॉस्टेलबद्दल दोनच गोष्टी. लॉकरचं कुलूप घरून न्या आणि खालचा बंक मागून घ्या. वरचा मिळाला तर रात्री पाण्यासाठी उतरताना आपलं वय कळतं. स्वयंपाकघरात 'फुकट' अशी पाटी लावलेलं एक कपाट असतं. निघून जाणारे लोक उरलेला तांदूळ, तेल, पास्ता तिथे ठेवतात. पहिल्या रात्री मी त्यातल्याच तांदळाची मसाले खिचडी केली. वासाने एक मुलगा आला, नाशिकचा. "ताई, कढीपत्ता कुठून आणलात?" कढीपत्ता नव्हता, तयार मसाल्याचं पाकीट होतं. तो चारशे बासष्टच्या व्हिसावर आलेला. वर्षभर राहून काम आणि भटकंती करायचा हा व्हिसा २०२४ पासून भारतीयांनाही मिळतो, पण वयाची अट १८ ते ३० आणि वर्षाला जागा हजारच, त्यासुद्धा सोडतीने. माझ्यासारख्यांना आपला साधा पर्यटक व्हिसा.

मसाल्यावरून आठवलं. देशात शिरताना खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर लिहा. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेली सापडली तर मोठा दंड होतो. पेढे, तूप, बिया असलं काही नेऊच नका.

आता शहर. मेलबर्नमध्ये 'बघायलाच हवं' असं फार थोडं आहे आणि रेंगाळायला जागा मात्र भरपूर. स्टेट लायब्ररीचा ला ट्रोब वाचनकक्ष १९१३ चा. अष्टकोनी, वर सुमारे ३५ मीटर उंच घुमट, खाली चाकाच्या आऱ्यांसारखी लाकडी टेबलं. आत जायला पैसे नाहीत. मी दोन दुपारी तिथे काढल्या, एक वाचत आणि दुसरी, खरं सांगायचं तर, डुलक्या घेत. नेड केली या दरोडेखोराचं लोखंडी चिलखतही याच इमारतीत आहे. त्याला १८८० मध्ये जवळच्याच तुरुंगात फाशी दिली आणि आज तो इथला लोकनायक आहे.

क्वीन व्हिक्टोरिया मार्केट सोमवारी आणि बुधवारी बंद असतं. मी बुधवारीच गेले, तुम्ही जाऊ नका. गुरुवारी पुन्हा गेले. १८७८ चा हा बाजार शहराच्या जुन्या दफनभूमीवर पसरला आणि हजारो माणसं अजून त्याच जमिनीखाली आहेत. वर मात्र गरम जॅम डोनटची रांग. डोनट लगेच चावू नका, आतला जॅम जीभ भाजतो. बाजार उठायच्या सुमारास फळवाले ओरडून भाव पाडतात. आपल्या मंडईची सवय असलेल्याला वेगळं काही शिकवायला नको.

कॉफीचा इथे फार अभिमान आणि तो खोटा नाही. पण गल्लीबोळांतली बरीच कॅफे तीन-चारलाच शटर ओढतात. संध्याकाळी पाचला 'चहाची वेळ' म्हणून बाहेर पडलात तर हात हलवत परत याल. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी बिलावर जादा टक्केही लावतात, पाटी वाचून बसा.

एमसीजी, म्हणजे मेलबर्नच्या क्रिकेट मैदानाची सहल घेतली. माझ्या डोळ्यांपुढे २०२० चा बॉक्सिंग डे होता. अॅडलेडला ३६ वर डाव आटोपलेला, कोहली घरी परतलेला आणि इथे रहाणेचे ११२. आपण आठ गडी राखून जिंकलो. त्या सामन्यात त्याला मिळालेलं पदक जॉनी मुलाघच्या नावाचं. १८६८ मध्ये इंग्लंडला गेलेल्या ऑस्ट्रेलियन आदिवासींच्या संघातला तो खेळाडू. मैदानाबाहेरच्या यारा पार्कमध्ये साल सोललेली दोन जुनी झाडं आहेत. होड्या करण्यासाठी इथल्या मूळ लोकांनी ती साल काढली होती. स्टेडियम बघायला येणारे बहुतेक तिथे थांबत नाहीत. तुम्ही थांबा.

ग्रेट ओशन रोडला गेले नाही. सगळे विचारतात म्हणून सांगते. समुद्रकाठचा २४३ किलोमीटरचा रस्ता, पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ मध्ये बांधलेला. तो एका दिवसात टूरबसमधून करायचा म्हणजे बारा तास बसायचं आणि मोजून फोटो काढायचे. तीन दिवस आणि गाडी असेल तरच जा. त्याऐवजी मी लोकलने बेलग्रेव्हला गेले. ते त्या लोकलचं शेवटचं स्टेशन. तिथून शेरब्रुकच्या जंगलात चालतच शिरता येतं. माउंटन अॅश नावाचे निलगिरीचे वृक्ष इतके उंच की मान मोडते. खाली ओले नेचे आणि त्यात कुठेतरी लायरबर्ड. हा पक्षी इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो. मी पाऊण तास एका दगडावर बसले. चार वेगवेगळे आवाज ऐकले. पक्षी एकच होता की चार, हे अजून ठरवता आलेलं नाही.

हवेचं म्हणाल तर सकाळी स्वेटर, दुपारी टोपी, चारला छत्री. उत्तरेकडून वाळवंटाचा गरम वारा येतो, दक्षिणेकडून थंड समुद्राचा, त्यांची इथे झटापट होते. ढग असले तरी ऊन फार भाजतं, सनस्क्रीन विसरू नका.

शेवटच्या सकाळी नाशिकच्या मुलाला निरोप द्यायला स्टेशनच्या घड्याळांखाली बोलावलं. इथले लोक गेली कित्येक वर्षं तिथेच भेटतात. विमानतळासाठी एक प्रवास पुरेल एवढे पैसे त्याच्या जुन्या कार्डात होते, माझ्या कार्डात जवळजवळ दहा डॉलर उरलेले. अदलाबदल केली. त्याने हिशेब केला आणि म्हणाला, "ताई, यात तुमचं नुकसान आहे." मी म्हटलं, खिचडीची भांडी तू घासली होतीस.