गाडी रात्री कुठं उभी असते?

डिसेंबरमधल्या एका रात्री अडीचच्या सुमारास माझ्या एका गिऱ्हाइकाच्या बाबांच्या छातीत कळ आली, आणि शेडमधली दीड वर्षाची गाडी काही केल्या उठली नाही. त्या गाडीच्या जॉबकार्डावर ‘ठीक आहे’ लिहून मी दोनदा सही केली होती. दोन्ही कार्डं अजून ड्रॉवरमध्ये आहेत.

परतवाड्यात माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, अठरा वर्षांपासून. हे गिऱ्हाईक डोंगराच्या पायथ्याच्या एका गावचं, घरचा संत्र्याचा बगीचा. नोव्हेंबरात पहिल्यांदा आला तेव्हा तक्रार फक्त स्क्रीनची होती. “भाऊ, याले येड लागलं. फोन रोज नव्यानं जोडा लागते, घड्याळ मागं जाते, सेल मारला का स्क्रीन काळी होते.” शहरातल्या सर्व्हिस सेंटरनं आख्खी स्क्रीन बदलायला सांगून 68 हजारांचं कोटेशन हातात दिलं होतं. बॅटरीला मीटरसुद्धा लावलं नव्हतं. मला याचा फार राग येतो. सुटा भाग बदलणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

मी पायरीपायरीनं गेलो. अर्धी तक्रार केबलची निघाली. बाजारातली स्वस्त केबल बऱ्याचदा चार्जिंगपुरती असते, डेटाच्या दोन तारा तिच्यात नसतातच. मग फोन चार्ज होतो, पण गाडीशी बोलत नाही. स्कॅनरच्या सॉकेटमध्ये 6 आणि 14 नंबरच्या पिनांमध्ये, बॅटरी सोडवून, 60 ओहम मिळाले. म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर ज्या दोन पिळलेल्या तारांवर एकमेकांशी बोलतात, त्यांच्या दोन्ही टोकांचे 120 ओहमचे रेझिस्टर जागेवर होते. तिथं 120 दिसले असते तर एक टोक तुटलेलं. मग सेल मारताना बॅटरीवर मीटर धरलं, आकडा 8 व्होल्टच्या खाली गेला. एवढ्या व्होल्टेजवर स्क्रीन बंद पडून नव्यानं सुरू होणारच. बॅटरी बदलली. ठीक आहे.

पंधरा दिवसांत परत. नवी बॅटरी सकाळी बसलेली. आता गाडी उभी असताना करंट कोण खातं ते शोधायचं. बोनेटचं लॉक स्क्रूड्रायव्हरनं दाबून ठेवायचं, म्हणजे गाडीला बोनेट बंद वाटतं. किल्ली लांब ठेवायची, कारण ती जवळ असली तरी गाडी जागी राहते. मायनसच्या वायरीत मीटर सिरीजमध्ये टाकायचं आणि गाडीला हात न लावता चाळीस मिनिटं बसायचं. पोऱ्याला हे बसणं जमत नाही, दर पाच मिनिटांनी दार उघडून बघतो आणि सगळी मॉड्यूल, म्हणजे गाडीतले ते कॉम्प्युटर, पुन्हा जागी करतो. म्हणून त्या दिवशी मी स्वतः बसलो. 28 मिलिअँपिअर. पन्नासच्या आत असलं की आम्ही गाडी निर्दोष धरतो. बगीच्यात माल तोडणं सुरू आहे, गाडी तीनतीन दिवस एका जागी उभी असेल, दार नीट लागलं नसेल, असं मी त्याला सुनावलंसुद्धा. ठीक आहे.

मग ती रात्र. फोन लावायला पोराला मारुतीच्या ओट्यापर्यंत धावावं लागलं, कारण गावात रेंज मिळते ती तिथंच. 108 ची गाडी फाट्यावर येते म्हणाले. बाबांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून फाट्यापर्यंत नेलं, डिसेंबरच्या थंडीत. अमरावतीला डॉक्टरांनी नळीतला अडथळा काढला. बाबा वाचले.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. “तुमी म्हनले होते ना भाऊ, गाडी ठीक हाय?” एवढंच.

मी त्याच संध्याकाळी मीटर घेऊन गावात गेलो. गाडी घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये, जिथं रोज असते तिथंच ठेवायला सांगितली. चार्ज केलेली बॅटरी लावली, किल्ली स्वयंपाकघरात पाठवली आणि पोत्यावर बसलो. चाळीस मिनिटं झाली, तास झाला, गाडी झोपेना. आकडा 700 पर्यंत चढायचा, 250 वर यायचा, परत चढायचा. अंधारात मीटरचा तो हिरवा उजेड धापा टाकणाऱ्या माणसासारखा वरखाली होत होता. सरासरी 350 धरली तर दिवसाला 8.4 अँपिअर-तास. 45 ची बॅटरी, तीन दिवसांत निम्म्याहून जास्त रिकामी.

मग फ्यूज न काढता एकेका फ्यूजच्या पाठीवरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर प्रोब टेकवून मिलिव्होल्ट मोजत गेलो. आकडा दिसला म्हणजे त्या फ्यूजमधून करंट जातोय. फ्यूज उपसून बघणारे बघतात, पण परत लावला की झोपलेलं मॉड्यूल जागं होतं आणि चोर हाती लागत नाही. आकडा सापडला तो गाडीच्या सिमच्या बॉक्सवर. मध्यम किमतीच्या गाड्यांत 2019 पासून हे सिम आलं. मोबाइलवरून गाडी कुठं आहे ते दिसतं, आणि छतावरचं संकटाचं बटन दाबलं की मदतीला फोन जातो. तो बॉक्स रात्रभर टॉवर शोधत होता. मिळेना म्हणून झोपत नव्हता. 2022 मध्ये अमेरिकेत थ्रीजी बंद झालं, तेव्हा तिथल्या काही गाड्यांच्या बॅटऱ्या याच कारणानं उतरत होत्या. माझ्या दुकानातून टॉवर दिसतो. तिथं तो बॉक्स पाच मिनिटांत झोपणारच.

पण त्याआधी वर्षभराहून जास्त ही गाडी याच शेडमध्ये बिनतक्रार उभी होती. मग आताच काय झालं? विचारलं तर कळलं, दिवाळीत कुणीतरी छतात शोभेचे लाइट बसवून दिले होते. छताचं अस्तर मागून खाली घेतलं. अँटेनाच्या दोन वायरी होत्या. निळा कनेक्टर जीपीएसचा, तो पक्का, म्हणून नकाशा नेहमी बरोबर चालायचा. दुसरा वांगी रंगाचा, मोबाइल नेटवर्कचा. तो अर्धाच बसलेला होता, बोट लावताच हलला. दाबला, टक् आवाज झाला. लाइट लावणाऱ्यानं तो टक् ऐकायची तसदी घेतली नव्हती. परतवाड्यात टॉवरखाली अर्ध्या कनेक्टरवरही भागत होतं, इथं भागत नव्हतं.

कनेक्टर बसवल्यावर बॉक्सला रेंजची एक दांडी मिळाली. वीस मिनिटांत आकडा 24 वर आला. मी जिंकलो असं वाटलं. पहाटे तीनला दांडी गेली आणि आकडा पुन्हा चढू लागला. पूर्वीइतका नाही, पण चढला.

उपाय एकच उरला, बॉक्सचा फ्यूज काढून ठेवणं. म्हणजे संकटाचं बटन बंद, त्याचा लाल दिवा कायम पेटलेला. सुरक्षेची वस्तू आपल्या हातानं बंद करायला माझं मन होईना. मी सगळं त्याच्यापुढं मांडलं. तो शेडच्या खांबाला टेकून ऐकत होता. म्हणाला, “भाऊ, ते बटन इथी कोनाले बोलावनार? मले सकाळी गाडी उठली पायजे.”

कंपनीला मी मीटरच्या फोटोंसकट ईमेल केला. नेटवर्क मिळत नसेल तर बॉक्सनं ठरावीक वेळा शोधून गप्प झोपावं, एवढी दुरुस्ती सॉफ्टवेअरमध्ये करा, असं लिहिलं. उत्तर आलं की प्रमाणित तपासणीत दोष आढळत नाही. त्यांची तपासणी कुठं होते ते मला ठाऊक आहे, मीही तिथंच केली होती. आपल्या भागात दऱ्याखोऱ्यांत कितीतरी गावं आहेत आणि तिथं आता अशाच गाड्या जातात. शेतकऱ्यानं पूर्ण पैसे मोजले आहेत.

जानेवारीत बाबांना तपासणीला नेताना तो दुकानापाशी थांबला. बाबा पुढच्या सीटवर, मफलर गुंडाळून. डॅशबोर्डच्या कप्प्यातून त्यानं प्लास्टिकची पुडी काढली, माझ्यासमोर फ्यूज लावला. लाल दिवा हिरवा झाला. “आता अमरावतीलोक रेंज हाय,” म्हणाला. बाबांनी काच खाली केली आणि मला विचारलं, “वापस येतानी इथीच काढाचा ना?”

मी हो म्हणालो.