चारचौघांत बोललेल्या स्त्रिया

रोमन प्रजासत्ताकात सेन्सॉर या अधिकाऱ्यांकडे नागरिकांच्या शिरगणतीबरोबर सिनेटच्या यादीतून एखाद्याचे नाव वगळण्याचा अधिकारही असे. त्यासाठी कायदा मोडलेला असण्याची गरज नव्हती. वर्तन रीतीला सोडून आहे असे सेन्सॉरला वाटले की पुरे. इ.स.पू. १८४ मध्ये थोरला केटो सेन्सॉर झाला, तेव्हा त्याने मनिलियस नावाच्या सिनेटरला काढून टाकले. अपराध काय, तर त्याने भरदिवसा, मुलीच्या देखत, स्वतःच्या पत्नीचे चुंबन घेतले होते. प्लुटार्क या प्राचीन चरित्रकाराने ही हकिकत नोंदवली आहे.

मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसणाऱ्या मुंबईकरांना ती परकी वाटू नये. आपल्याकडे १९५१ च्या पोलीस कायद्याच्या ११० व्या कलमात सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनाला शिक्षा आहे, आणि असभ्य कशाला म्हणायचे हे बऱ्याचदा समोर उभा असलेला हवालदारच ठरवतो. ग्रीक-रोमन जगातील मर्यादाभंगाच्या कथा वाचताना मला हेच पुनःपुन्हा दिसते, की लोकांचा रोष कृत्यापेक्षा ते कोणादेखत घडले यावर अधिक असे. आणि स्त्रियांच्या बाबतीत तर तो जवळजवळ केवळ त्यावरच असे.

कार्थेजशी चाललेल्या युद्धात कॅनी येथे झालेल्या दारुण पराभवानंतर, इ.स.पू. २१५ मध्ये, रोमने ओप्पियन कायदा केला. कोणत्याही स्त्रीने अर्ध्या औंसापेक्षा अधिक सोने बाळगू नये, रंगीबेरंगी वस्त्र नेसू नये आणि धार्मिक प्रसंगाखेरीज शहरात गाडीत बसून हिंडू नये, असा तो कायदा होता. युद्ध संपले, पुरुष जांभळ्या काठांचे झगे मिरवत होते, तरी हा कायदा तसाच राहिला. इ.स.पू. १९५ मध्ये तो रद्द करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा स्त्रिया घराबाहेर पडल्या आणि फोरमकडे, म्हणजे शहराच्या मुख्य चौकाकडे, जाणाऱ्या रस्त्यांवर उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्या पुरुषांना विनवू लागल्या. त्या वर्षी कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, असलेल्या केटोने कडाडून विरोध केला. इतिहासकार लिव्हीने त्याच्या तोंडी घातलेल्या भाषणात तो विचारतो, की हेच मागणे तुम्हाला घरी आपापल्या नवऱ्यांजवळ मागता आले नसते का? कायदा अखेर रद्द झाला. मात्र त्या रस्त्यांवर उभ्या राहिलेल्यांपैकी एकीचेही नाव लिव्ही देत नाही.

नावासकट उरली ती हॉर्टेन्सिया. इ.स.पू. ४२ मध्ये रोमची सत्ता हाती घेतलेल्या ऑक्टेव्हियन, अँटनी आणि लेपिडस यांना यादवी युद्धासाठी पैसा हवा होता, म्हणून त्यांनी १४०० श्रीमंत स्त्रियांना आपल्या मालमत्तेचे मूल्य जाहीर करण्याचा हुकूम दिला. त्यांची बाजू मांडायला एकही पुरुष पुढे येईना. स्त्रियांनी आधी रीतीप्रमाणे सत्ताधाऱ्यांच्या घरच्या बायकांचीच दारे ठोठावली. ऑक्टेव्हियनच्या बहिणीने आणि अँटनीच्या आईने त्यांना बरे वागवले. अँटनीची बायको फुल्व्हिया हिने मात्र त्यांना अपमान करून हाकलले. तेव्हा त्या थेट फोरममध्ये न्यायासनासमोर गेल्या आणि विख्यात वक्त्याची मुलगी असलेली हॉर्टेन्सिया बोलू लागली. इतिहासकार ॲपियनने दिलेल्या भाषणाचा गाभा असा: पदे, सन्मान, सैन्याची सत्ता यांत आम्हाला वाटा नाही, मग कराचा वाटा आमच्याकडे का? कार्थेजशी युद्ध असताना आमच्या आयांनी दागिने दिले ते स्वेच्छेने. उद्या गॉल किंवा पार्थियन चालून आले तर आम्हीही मागे राहणार नाही, पण आपसांतल्या युद्धासाठी काही देणार नाही.

तिघे संतापले, त्यांनी सेवकांना स्त्रियांना हटवायला सांगितले, पण बाहेरच्या जमावाने आरडाओरडा केला आणि दुसऱ्या दिवशी १४०० चा आकडा ४०० वर आला.

या भाषणात मला भावते ते हे, की तिने रीत नाकारली नाही, रीतीलाच साक्षीला उभे केले. माझ्या मोठ्या मावशीने चंदनवाडीत आजोबांना अग्नी दिला, तेव्हा चुलत आजोबा तिला म्हणाले होते, "अगं, चारचौघांत हे बरं दिसत नाही. तू घरी थांब, पुढचं आम्ही बघतो." मावशी शांतपणे म्हणाली, "काका, त्यांचं औषधपाणी मी करत होते, तेव्हा हे मुलाचं काम आहे असं तुमच्यापैकी कोणीच म्हणालं नाही." त्यावर कोणाला उत्तर सुचले नाही.

ग्रीसमधील हिपार्कियाचा मार्ग याहून वेगळा होता. मरोनियाच्या या सधन घरातल्या मुलीने क्रेटीस या सिनिक (संपत्ती आणि सामाजिक संकेत झुगारणाऱ्या पंथाच्या) तत्त्वज्ञाशी हट्टाने लग्न केले, त्याच्यासारखेच जाडेभरडे वस्त्र पांघरले आणि पुरुषांच्या मेजवान्यांना ती त्याच्याबरोबर जाऊ लागली. तिथे थिओडोरस नावाच्या तत्त्वज्ञाने विणकामाचा माग सोडून आल्याबद्दल तिला टोमणा मारला. तिने विचारले, की मागावर घालवायचा वेळ मी शिक्षणासाठी दिला, यात माझे काही चुकले असे तुम्हाला वाटते का? हा खरा बंडखोरपणा, आणि तो मला मनापासून प्रिय आहे. पण असे जगण्यासाठी तिला घरदार, संपत्ती, सगळेच सोडावे लागले.

सगळ्यात जड किंमत मात्र गाया अफ्रानियाने मोजली, असे मला वाटते. एका सिनेटरची ही पत्नी आपले दावे प्रीटर या न्यायाधिकाऱ्यासमोर स्वतः लढवत असे. रोमन लेखक व्हॅलेरियस मॅक्सिमस हॉर्टेन्सियाची स्तुती करतो ती जणू तिचे वडीलच तिच्या वाणीतून पुन्हा बोलले म्हणून. अफ्रानियाला मात्र तो राक्षसी म्हणतो, आणि तिचे नाव निर्लज्ज बायकांना शिवीसारखे वापरले जाते असे सांगतो. इ.स.पू. ४८ मध्ये ती वारली, ही नोंदही तो असल्या विकृतीचा जन्म नव्हे तर अंतच लक्षात ठेवावा अशा शेऱ्यासह करतो. पुढे अल्पियन या कायदेपंडिताने, स्त्रियांना दुसऱ्यांच्या वतीने दावा चालवायला बंदी का, याचे कारण देताना याच बाईच्या निर्लज्जपणाकडे बोट दाखवले. हिंदुस्थानात स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा १९२३ मध्ये झाला, आणि त्यानंतरच मिठन टाटा, म्हणजे पुढच्या मिठन लाम, मुंबईच्या उच्च न्यायालयात दुसऱ्याची बाजू मांडायला उभ्या राहू शकल्या.