अर्धी वाटणी, सातबारा आणि माझी लेक

२०१९ च्या डिसेंबरात मी सासर सोडून माहेरी आले. सासर तापीकाठी, केळीच्या पट्ट्यात. माहेर बोरी नदीच्या काठी. लेक नुकतीच पाच वर्षांची झाली होती. हातात कपड्यांची एक पिशवी, तिचं दप्तर आणि गळ्यात पोत, एवढंच घेऊन निघाले. का निघाले ते इथे लिहीत नाही, ते कोर्टातल्या अर्जात लिहून झालंय. नंतरच्या साडेतीन वर्षांबद्दल लिहिते, कारण नात्यातल्या बायका अजून मला एकच विचारतात, "अर्धी वाटणी मिळाली का?"

मलाही तसंच वाटायचं. अकरा एकर केळी, त्यात सात वर्षं मी राबले, केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं कापली, मजुरांच्या भाकरी थापल्या, तेव्हा माझा वाटा असणारच. तालुका विधी सेवा समितीतून मिळालेल्या वकीलताईंनी पहिल्याच भेटीत समजावलं, की नवरा-बायको वेगळे झाले म्हणून नवऱ्याची जमीन अर्धी वाटून द्या, असा कायदा आपल्याकडे नाही. बाईला पोटगी मागता येते, राहायची सोय मागता येते, स्त्रीधन परत मागता येतं आणि जे तिच्या नावावर आहे ते तिचं राहतं. मी त्यांच्यासमोरच रडले. रडणं थांबेपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत, मग पाणी दिलं आणि कागद मागितले.

हा वकील फुकट मिळतो हेही आम्हाला माहीत नव्हतं. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात बाईसाठी उत्पन्नाची अटच नाही. माझे वडील, आप्पा, बिचारे कापसाचे पैसे वकिलासाठी बाजूला काढून बसले होते.

त्या रात्री माय म्हणाली, "जे तुनं शे ते लिखी ठेव." म्हणजे जे तुझं आहे ते लिहून ठेव. कंदिलापासून पाटल्यांपर्यंत सगळं आम्ही वहीत उतरवलं. आप्पांनी जळगावच्या सराफाच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत जपल्या होत्या. लग्नाचा अल्बम काढला आणि कोणत्या फोटोत अंगावर काय दिसतंय ते पावतीशी ताडून पाहिलं. सासरकडच्यांनी लग्नात घातलेले दागिनेही माझेच, आणि ते दुसऱ्याकडे सांभाळायला दिले म्हणून त्याचे होत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगून ठेवलंय. पावत्या नसत्या तर माझं तोंडी सांगणं किती टिकलं असतं कोण जाणे. साडेपाच तोळ्यांतले चार परत आले. पाटल्या आधीच मोडल्या होत्या, त्याचं पुढे येतंच.

घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकारी मॅडमनी घरगुती घटना अहवाल लिहून घेतला आणि जानेवारी २०२० मध्ये त्याच कायद्याखाली अर्ज दाखल झाला. कायद्यात पहिली सुनावणी तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा असं आहे. मार्चात लॉकडाऊन लागला, मग समोरून मुदतीचे अर्ज सुरू झाले, आणि पोटगीचा अंतरिम हुकूम हाती यायला चौदा महिने गेले. एकही तारीख चुकवू नका, असं वकीलताईंनी बजावलं होतं. मी चुकवली नाही. लेकीला ताप होता त्या दिवशीही भावाच्या गाडीवर बसून गेले.

मिस्टरांचं म्हणणं असं, की शेती वडिलांची, मी तर मजुरासारखा. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंनी मिळकत, खर्च आणि देणी शपथेवर लिहून द्यायची असा नियम घातला. मीही शिवणकामाचे महिन्याचे तीन हजार लिहिले, लपवलं नाही. त्यांच्या शपथपत्रात शेतीची रक्कम शून्य होती. भावाने पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला, तर दोन एकर चक्क त्यांच्या नावावर. केळीच्या व्यापाऱ्याच्या जुन्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, माझ्याकडे होत्या. फळपीक विम्याचे पैसे त्यांच्याच खात्यात जमा झाले होते, तो बँकेचा उताराही कोर्टाने मागवला. माय-लेकीला मिळून महिना सात हजार ठरले, आणि तेही अर्जाच्या तारखेपासून. म्हणजे अठ्ठ्याण्णव हजार थकबाकी. चार हप्त्यांत आली, पण आली.

लेकीचं प्रकरण याहून कठीण गेलं. सासरचे म्हणत, पाच वर्षांची झाली, आता ती बापाची. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहावं असं १९५६ च्या कायद्यात आहे खरं, पण त्यापुढे ते आपोआप बापाकडे जातं असं कुठेच नाही. कोर्टाने बघायचं ते मुलाचं हित. एका तारखेला न्यायाधीश साहेबांनी तिला एकटीलाच चेंबरमध्ये बोलावलं. आदल्या आठवडाभर सगळे मला सांगत होते, पोरीला शिकवून ठेव. मी शिकवलं नाही. ती वीस मिनिटं मी व्हरांड्यात खांबाला धरून उभी होते.

घरी येताना ती म्हणाली, साहेबांनी विचारलं, तुला काय आवडतं. "मी सांगितलं, भरीत. दादांनी मळ्यात काड्यांवर भाजलेलं." दादा म्हणजे तिचे आजोबा, माझे सासरे.

तोवर मी भेटींना विरोध करत होते. तसा अर्जही दिला होता. त्या संध्याकाळी वकीलताईंना फोन केला आणि तो मागे घ्यायला सांगितलं. त्यांनी पुढच्या तारखेला पुरसिस दिली, म्हणजे कोर्टाला तसं लेखी कळवलं. मला नको असलेलं घर माझ्या लेकीलाही नको असेल, असं मी धरूनच चालले होते. ती माझी चूक होती. ताबा माझ्याकडे राहिला, दुसरा आणि चौथा रविवार आणि सुट्ट्या निम्म्या वडिलांकडे.

२०२३ मध्ये मध्यस्थीतून तडजोड ठरली, परस्परसंमतीने घटस्फोट. तीन वर्षांहून जास्त काळ वेगळे राहत होतो म्हणून सहा महिने थांबण्याची अट कोर्टाने माफ केली, २०१७ च्या निकालापासून तशी सोय आहे. जळगावचा प्लॉट दोघांच्या नावावर होता. माझ्या पाटल्या त्यातच गेल्या होत्या. एकरकमी पोटगीऐवजी त्यांनी आपला निम्मा हिस्सा माझ्या नावे रजिस्टर करून दिला.

पण मसुद्यात नववं कलम होतं. मुलीचा वडिलांच्या आणि आजोबांच्या स्थावर मालमत्तेत कसलाही हक्क राहणार नाही, आईने तो तिच्यातर्फे सोडला आहे. मी इतकी थकले होते की सही केली असती. भाऊही म्हणाला, "करून टाक ताई, सुटशील." वकीलताईंनी त्या ओळीवर पेन ठेवला. "ही सही तुमची नाहीच. जे तुमचं नाही ते तुम्ही सोडणार कसं?"

महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलगी मुलासारखीच जन्माने हिस्सेदार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने उरलासुरला वादही संपवला. अल्पवयीन मुलाच्या हक्कावर पालकाला कोर्टाच्या परवानगीशिवाय असं पाणी सोडता येत नाही. सासऱ्यांनी स्वतः विकत घेतलेली जमीन असती तर गोष्ट वेगळी होती. आम्ही तहसीलमधून जुने फेरफार, म्हणजे जमीन कोणाकडून कोणाकडे गेली त्याच्या नोंदी, काढल्या. जमीन पिढ्यान्‌पिढ्या एकत्र कुटुंबाचीच चालत आलेली. ज्या अकरा एकरांत मला काही नाही म्हणून मी रडले होते, त्यात माझ्या लेकीचं जन्मापासून होतं.

त्या एका कलमावर तीन तारखा गेल्या. शेवटी ते खोडलं. त्या जागी सासऱ्यांनी एकच मागितलं, श्रावणातला कानबाईचा, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाचा, रविवार दरवर्षी पोरीने आमच्याकडे यायचं. मी लगेच हो म्हटलं. आता नववं कलम ते आहे.

त्याच श्रावणात ती पहिल्यांदा गेली. संध्याकाळी तिला आणायला फाट्यावर उभी होते. गाडीतून उतरली ती नव्या फ्रॉकमध्ये, केसांत गजरा. म्हणाली, "मम्मी, मी तुझ्यासाठी प्रसादाचा रोट मागितला होता. आजी म्हणाली, तो भाऊबंदांनाच चालतो." मग थोडं थांबून विचारलं, "तू भाऊबंदांत नाहीस ना आता?"

"नाही," मी म्हटलं. "तू आहेस."

तिने माझा हात धरला आणि कोणी किती रोट खाल्ले ते सांगत चालायला लागली.