परड्याची नोंदवही: खडीचा वाफा, बारा महिन्यांचा तक्ता आणि जुने बागवान

मंडळी, गेल्या जूनपासून या मे महिन्यापर्यंतचा हिशेब मांडतेय. ज्यांनी आधीच्या नोंदी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: आमचं घर साताऱ्यात गोडोलीच्या अंगाला आहे. मागे सव्वा गुंठ्याचं परडं. वर वीतभर माती, तिच्याखाली टिकावाला ठिणगी उडेल असा मुरूम, आणि जमीन घरापासून मागच्या कंपाउंडकडे उतरती. नळाला पाणी सकाळी तासभर. पावसाळ्यात चार महिने धो धो, मग आठ महिने आभाळ कोरडं.

दोन वर्षं मी या जागेशी भांडले. गुलाब लावले, गेले. लॅव्हेंडर आणलं, ते तर जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातच मुळाशी कुजलं. मग जगातल्या मोठ्या बागवानांबद्दल वाचायला लागले आणि ठरवलं, एकेकाची एकच रीत घ्यायची आणि परड्यात करून बघायची. त्यातलं काय जमलं, काय फसलं ते खाली.

सगळ्यात जास्त दिवस गेले बेथ चॅटो यांच्या खडीच्या बागेवर. या बाई इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातल्या, जन्म 1923 चा, 2018 मध्ये गेल्या. त्यांचा भाग म्हणजे इंग्लंडचा दुष्काळी पट्टा, वर्षाला जेमतेम 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. 1960 पासून त्या तिथं बाग करत होत्या, आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी स्वतःच्या रोपवाटिकेचं जुनं पार्किंग खणून काढलं. गाड्यांच्या चाकांनी दबून दगड झालेली जमीन. ती भुसभुशीत केली, कंपोस्ट मिसळलं, रोपं पाण्यात नीट बुडवून लावली, वर खडी पसरली आणि त्यानंतर कधीच पाणी घातलं नाही. जे जगेल ते राहील, मरेल ते जाईल. ती बाग आजही आहे. त्यांचे पती अँड्र्यू आयुष्यभर एकाच गोष्टीचा अभ्यास करत राहिले: कोणतं झाड मुळात कुठल्या रानात, कुठल्या मातीत, कुठल्या उन्हात वाढतं. बाईंची सगळी बाग त्या अभ्यासावर उभी राहिली. चेल्सीच्या फुलांच्या प्रदर्शनात त्यांनी ओळीनं दहा सुवर्णपदकं मिळवली. मला मात्र त्या पदकांपेक्षा ते पार्किंग मोठं वाटतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी कंपाउंडलगतचा पंधरा फूट बाय सहा फुटांचा पट्टा घेतला. गड्याकडून हातभर खोल खणून घेतला, चार पाट्या शेणखत आणि दोन पाट्या लेंडीखत मिसळलं. वर वीस मिलिमीटरची काळी खडी दोन-अडीच इंच जाड अंथरली. खडीचं काम सोपं आहे: पाऊस तिच्यातून सरळ खाली उतरतो, पण ऊन मातीपर्यंत पोचत नाही, त्यामुळे ओल उडून जात नाही. तणही कमी येतं. जे येतं ते दोन बोटांनी उपटता येतं, खुरपं लागत नाही.

रोपं निवडताना मी पहिली चूक केली. बाईंच्या बागेतल्या झाडांची यादी समोर ठेवली आणि इथं मिळतील तेवढी मागवली. पावसाळ्यात अर्धी कुजली. नंतर शांतपणे विचार केल्यावर कळलं की त्यांच्याकडे पाऊस थोडा असला तरी वर्षभर विभागून पडतो. आमच्याकडे सगळा चार महिन्यांत. तिथल्या झाडाला कोरडेपणा सोसतो, पण आषाढात महिनाभर पाय ओले ठेवून उभं राहणं त्याला ठाऊकच नाही. म्हणजे मी त्यांची यादी उचलली आणि रीत तिथंच ठेवून आले. त्यांची रीत सांगते की आपल्या जागेसारख्या रानात काय वाढतं ते बघ. माझ्या जागेसारखं रान तर घरातून दिसतं. अजिंक्यताऱ्याचा उतार.

त्या दिवशी आत्या (माझ्या सासूबाई, वय ब्याऐंशी) ओट्यावर बसल्या होत्या. मी कुजलेली रोपं उपटताना बघून म्हणाल्या, "अगं, कोरांटीला कधी कुणी पाणी घातलेलं बघितलंयस का?" नव्हतं बघितलं. लहानपणापासून कुंपणाला कोरांटी बघत आलेय, तिला पाणी घालणारा माणूस एकदाही दिसला नाही. ऑगस्टमध्ये त्या पट्ट्यात पिवळी आणि जांभळी कोरांटी आली, निर्गुंडी आली, एका टोकाला पांढरा चाफा, दुसऱ्या टोकाला बोगनवेल, मधे सदाफुली, कोरफड आणि शतावरीचे दोन वेल. खडीच्या कडेनं ऑफिस टाइम नावाचं फुलझाड. सदाफुलीची दोन रोपं सोडली तर यातलं एकही रोप आजवर मेलेलं नाही.

दुसरी चूक एप्रिलमध्ये उघडी पडली आणि ती कुठल्याच पुस्तकात लिहिलेली नाही, म्हणून इथं जरा सविस्तर सांगते. आपली खडी काळ्या बसाल्टची. एसेक्सची खडी फिकट, आणि तिथलं ऊन मवाळ. आमची खडी दुपारी दोन वाजता एवढी तापते की तिच्यावर तळहात टेकवून पाच आकडे मोजता येत नाहीत. कोवळ्या रोपांचे बुंधे खडीला लागून होते तिथं साल करपली. सदाफुलीची सहा रोपं एका आठवड्यात मान टाकून बसली. मग प्रत्येक बुंध्याभोवती वीतभर खडी बाजूला सारली, तिथं वाळका पाला आणि नारळाच्या शेंड्या दाबल्या, आणि नव्या भागात खडीऐवजी चाळलेला तांबूस मुरूम पसरला. मुरूम कमी तापतो. सहातली चार रोपं सावरली. कुणी करणार असाल तर काळी खडी वापरा, पण बुंध्याला चिकटू देऊ नका, आणि लागवड जूनमध्येच उरका, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत मुळं खाली गेलेली असतात.

पाण्याचा हिशेब: गेल्या वर्षीच्या मे महिन्यात परड्याला रोज चौदा बादल्या लागत होत्या. या मे महिन्यात सहा. त्यातल्या पाच बाकीच्या वाफ्यांना आणि कुंड्यांना, एक या पट्ट्यातल्या नव्या रोपांना. पुढच्या वर्षी ती एकसुद्धा बंद करायची आहे.

आता तक्ता. गुस्टाव क्रुम्बिगल हे नाव बंगळुरूच्या लोकांना माहीत असतं, आपल्याकडे फार कुणाला नाही, आणि याचं मला वाईट वाटतं. ड्रेस्डेनजवळच्या गावात 1865 मध्ये जन्मलेला हा जर्मन माणूस लंडनच्या क्यू बागेत काम करून 1893 मध्ये बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या चाकरीत आला. 1908 मध्ये म्हैसूर संस्थानात गेला आणि बंगळुरूची लालबाग त्याच्या हाती आली. दोन्ही महायुद्धांत जर्मन म्हणून इंग्रजांनी त्याला कैदेत टाकलं, तरी हा देश सोडून गेला नाही. 1956 मध्ये बंगळुरूतच वारला. त्याची कल्पना अशी: शहरातल्या रस्त्यांवर झाडं अशी निवडायची की एकाचा बहर ओसरताना दुसऱ्याचा सुरू व्हावा, वर्षातला कुठलाही महिना बिनफुलांचा जाऊ नये. बंगळुरूच्या जुन्या रस्त्यांवर एका पाठोपाठ एक रंग पालटत जातात, त्यामागे हा हिशेब आहे.

माझ्याकडे रस्ते नाहीत आणि मोठ्या झाडांना जागाही नाही. पण झुडपांवर हा हिशेब बसतो. स्वयंपाकघराच्या दाराआड बारा रकाने आखलेला कागद लावला आणि वर्षभर, ज्या महिन्यात जे फुललं ते लिहीत गेले. जूनला अनंत. जुलैपासून सोनचाफा. ऑगस्ट ते नोव्हेंबर पारिजातक, त्याचा सडा एवढा पडायचा की आत्यांनी शेजारच्या तीन घरांना परडी पोचवली. नोव्हेंबरात कोरांटी. मार्च संपता संपता मोगरा, एप्रिलमध्ये पांढरा चाफा निष्पर्ण फांद्यांवर, सोबत बोगनवेल. डिसेंबर ते फेब्रुवारीचे रकाने मात्र रिकामे होते. कोरांटी संपल्यावर मोगऱ्यापर्यंत अबोली आणि सदाफुली सोडून काही नाही, आणि त्या दोघी तर बारमाही, त्यांना मी धरत नाही. यंदा कुंद लावलाय, दोन वेल. त्याचा बहर थंडीतला, त्यामुळे ती पोकळी भरावी. तक्ता लावल्याशिवाय ही पोकळी मला दिसलीच नसती, कारण थंडीत बाग हिरवी असते आणि हिरवं दिसलं की मन भरतं.

ऑक्टोबरचा एक प्रश्न होता तो इंग्लंडच्या गर्ट्रूड जेकिल यांच्यामुळे सुटला. 1843 ते 1932 एवढं मोठं आयुष्य, चारशेच्या आसपास बागांचे आराखडे. मुळात या चित्रकार आणि कशिदाकार. नजर लहानपणापासून अधू, पुढे डॉक्टरांनी बारीक काम बंद करायला सांगितलं आणि त्यांचा सगळा रंगांचा अभ्यास वाफ्यांत उतरला. लांबलचक वाफ्याच्या टोकांना निळे-करडे थंड रंग, मध्याकडे येताना पिवळा, नारिंगी, लाल, आणि पुन्हा उलट क्रमानं थंड. हे मी अजून केलेलं नाही, त्याला लांबी लागते. मी घेतली ती त्यांची दुसरी युक्ती: एखादं झाड फुलून मेलं की तिथं टक्कल राहू द्यायचं नाही. आधीच तयार ठेवलेल्या कुंड्या नेऊन त्या खड्ड्यात ठेवायच्या.

माझ्याकडे हे टक्कल तेरड्यामुळे पडतं. ऑक्टोबरअखेर तेरडा वाळून काड्या होतात आणि परड्याच्या ऐन मधोमध उघडी माती. यंदा गच्चीवर शेवंतीच्या चौदा कुंड्या वाढवल्या होत्या. दिवाळीच्या आधी तेरडा उपटला आणि कुंड्या काठापर्यंत मातीत पुरल्या. आठ दिवसांनी पाहुणे आले, त्यांना त्या कुंड्या आहेत हे कळलंसुद्धा नाही. जेकिलबाईंचे जाड तळाचे झिजलेले बूट विल्यम निकल्सन या चित्रकारानं 1920 मध्ये रंगवले आहेत, फक्त बूट, बाई नाहीत. ते चित्र मी छापून हत्यारांच्या खोलीत लावलंय.

तेरड्याचीही एक गोष्ट आहे. ब्राझीलचे बागरचनाकार रॉबेर्तो बुर्ले मार्क्स तरुणपणी, 1928 च्या सुमाराला, बर्लिनला राहिले. तिथल्या डालेम वनस्पती उद्यानाच्या काचघरात त्यांनी पहिल्यांदा ब्राझीलची झाडं नीट पाहिली. मायदेशी श्रीमंतांच्या बागांत सगळी युरोपची झाडं, स्वतःच्या रानातली कुणी लावत नव्हतं. परत येऊन या माणसानं आयुष्यभर ब्राझीलच्या रानाची झाडं बागेत आणली. मला हे वाचताना लाज वाटली. कास पठार इथून तासाच्या आत, दर सप्टेंबरला आम्ही जातो, तेरड्याचा गुलाबी गालिचा बघून येतो, आणि घरी पिटुनिया लावतो.

कासवरून एक बीसुद्धा आणायचं नाही, हे सांगायला नको. माझं माहेर जावळी तालुक्यातलं. तिथं आमच्या बांधावर तेरडा आपसूक येतो. शेंग पिकली की हात लागताच फटकन फुटते, म्हणून कागदाची पिशवी झाडाला बांधून बी गोळा केलं आणि ओलसर खोलगट भागात फेकलं. पहिल्या पावसाबरोबर मेथीसारखा उगवला. सोबत कळलावी लावली होती, कंद रोपवाटिकेतून आणून. ती विषारी असते, घरात लहान मूल असेल तर नको.

खोलगट भाग म्हटलं, तर आता परड्यातल्या पाण्याच्या वाटेबद्दल. बाबरानं आत्मचरित्रात हिंदुस्थानातल्या बागांत वाहतं पाणी नाही म्हणून कुरकुर केली आहे. मग आग्र्याला यमुनेपलीकडे स्वतःची बाग करायला घेतली तेव्हा सुरुवात केली ती मोठ्या विहिरीपासून. त्यानंतर तलाव आणि मग रेखीव वाफे, त्यांत गुलाब आणि नर्गिस. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजवाड्याला आंद्रे ल नोत्रनं अफाट बाग आखली, पण कारंज्यांना पाणी पुरेना. राजा जवळ आला की शिट्टी वाजायची आणि तेवढीच कारंजी सुरू व्हायची. आपल्या साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारामोटेची विहीर तर सगळ्यांनी पाहिलेली असेल. 1719 ते 1724 मध्ये वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतली, आमराईला पाणी देण्यासाठी. एकाच वेळी बारा मोटा चालायच्या. मी जानेवारीत पुन्हा गेले आणि या वेळी शिल्पांपेक्षा मोटेच्या जागा आणि त्यांच्यापुढची पन्हाळं बघत बसले. उपसलेलं पाणी कुठून कुठं धावायचं ते.

परत आल्यावर परड्यात पावसाचं पाणी कुठून जातं ते आठवून खुणा केल्या. उताराला आडवे तीन दगडी ताल (छोटे बांध) घातले, गुडघ्याच्या निम्मे उंच, कोरड्या दगडांचे, सिमेंट नाही. प्रत्येक तालाच्या वरच्या बाजूला वाळ्याची ओळ. पत्र्याच्या पन्हाळीचं पाणी पूर्वी थेट गटारात जायचं, ते पहिल्या तालामागे वळवलं. गवंड्यानं एक ताल उलट्या उताराचा घातला होता, तो काढून पुन्हा घालावा लागला, दोन दिवस वाया. परवा वळवाची एक सर आली, वीस मिनिटांची. छत्री घेऊन उभी राहिले. पहिल्या तालामागे पाणी थांबलं, हळूहळू मुरलं. दुसऱ्यामागे थोडंच आलं. तिसरा कोरडा.

तिसऱ्या तालाखाली दोन वर्षांचं ताम्हणाचं रोप आहे, माझ्या खांद्याएवढं. मे महिन्याचा रकाना त्याच्यासाठी ठेवलाय. मोठं झाड एकच, आणि ते हेच. या वर्षी फूल नाही. जूनमध्ये दुसऱ्या तालाची उंची चार बोटं कमी करणार आहे, म्हणजे पाणी खाली त्याच्यापर्यंत पोचेल.