डिक्कीचा फळा: कार्बन बाहेर, ताग पोटात

स्टेपनीवर बसणारा डिक्कीचा फळा हलका करायला घेतलाय. मूळचा फळा दाबलेल्या भुश्शाचा आहे, जड, आणि ओल लागली की फुगणारा. अख्खा कार्बन फायबरचा, म्हणजे कार्बनच्या धाग्याचं कापड रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात) बसवून, सहज करता आला असता. पण त्यातला बराचसा कार्बन नुसता बसून राहिला असता.

फळा वाकतो तेव्हा वरचा थर दाबला जातो, खालचा ताणला जातो आणि मधल्याला फारसं काम नसतं. एकाच मालाच्या फळ्याचे जाडीत तीन सारखे भाग पाडले, तर ताठपणात मधल्या भागाचा वाटा 27 पैकी 1, म्हणजे 4 टक्क्यांच्याही आत. मग तिथे महागडा धागा कशाला? कार्बनचा ताठपणा साधारण 230 गिगापास्कल, ई-ग्लासचा (फायबरग्लासमधल्या नेहमीच्या काचेच्या धाग्याचा) 72च्या आसपास. ताग त्याहून बराच कमी, पण त्याची घनता घनसेंटिमीटरला दीड ग्रॅमच्या आत आणि काचेची अडीचच्या वर. पोटात जागा भरायला ताग उत्तम.

लेअप, म्हणजे थरांची रचना, दोन्ही बाजूंनी सारखाच ठेवलाय: कार्बन, ताग, ताग, कार्बन. उष्णतेने कार्बन जवळजवळ फुगतच नाही. तो एकाच बाजूला असला तर ओव्हनमधून काढल्यावर फळा वळलाच म्हणून समजा.

खरी मेहनत तागाची. ताग हवेतली ओल धरून बसतो आणि ती ओल रेझिनखाली अडकली की बुडबुडे येतात, चिकटणं कच्चं राहतं. कापड आधी कॉस्टिक सोड्याच्या 5 टक्के पाण्यात भिजवलं (हातमोजे आणि गॉगल लावूनच), मग भरपूर पाण्याने धुतलं. त्याने धाग्यावरचं मेण निघतं. नंतर ओव्हनमध्ये खडखडीत वाळवून गरम असतानाच लेअपला घेतलं. तासभर उघडं ठेवलं तरी ते पुन्हा ओल ओढायला लागतं.

दुसरी अडचण म्हणजे ताग रेझिन पितो. नुसत्या ब्रशने काम केलं तर वाचवलेलं वजन रेझिनच खाऊन टाकतं. म्हणून व्हॅक्यूम बॅग (हवा ओढून थर दाबणारी पिशवी), आणि पील प्लायवर (नंतर सोलून काढायच्या कापडावर) ब्रीदर, म्हणजे जादा रेझिन शोषणारं जाड कापड. नमुन्याची पट्टी कापून कड भिंगाखाली धरली: वरखाली दोन काळ्या रेघा, मध्ये मधाच्या रंगाचा ताग. एका टोकाला मात्र धाग्यांच्या गाभ्यात फिकट, कोरडे ठिपके दिसले. तिथे नाण्याने टकटक केल्यावर आवाजही बद्द येतो. बॅगखाली घालण्याआधी तागाचा थर वेगळा भिजवून घेतला की हे ठिपके जातात.

गाडीत असले धागे टिकतात का, असं बरेच जण विचारतात. पूर्व जर्मनीच्या ट्राबांट गाडीच्या बॉडीचे बाहेरचे पॅनेल कापसाचे तंतू घातलेल्या रेझिनचे होते आणि ती गाडी 1957 ते 1991 बनत राहिली. पोर्शने 2019 मध्ये 718 केमन जीटी4 क्लबस्पोर्टचे दरवाजे आणि मागची विंग वनस्पतीच्या तंतूंची केली. तरीही सीटचा सांगाडा, बंपरचा बीम, सस्पेन्शन यांना घरच्या लेअपने हात लावू नका.

इपॉक्सी (इथलं रेझिन) नुसत्या खोलीच्या तापमानाला सोडली तर उन्हात तापलेल्या बंद गाडीत मऊ पडू शकते, त्यामुळे पोस्ट-क्युअर, म्हणजे घट्ट झाल्यावर पुन्हा ओव्हनमध्ये तापवणं, करणारच आहे. अॅल्युमिनियमच्या क्लिपा जिथे बसतात तिथे कार्बनवर काचेच्या कापडाचा एक थर चढवेन. कार्बन थेट टेकला आणि ओल आली की अॅल्युमिनियम गंजतं. कापलेल्या कडांना इपॉक्सीचा हात मारून एक पट्टी पाण्यात बुडवून ठेवली आहे. तिचं आधीचं वजन लिहून ठेवलंय. ओल किती शिरते ते पाहूनच पूर्ण फळ्याचा मोल्ड घेईन.